नाव जिचं, उत्तर तिचं

बारापात्रे सरांच्या बुशशर्टच्या खिशात एक चपटा पत्र्याचा डबा असायचा. खोकल्याच्या गोळ्यांचा. गोळ्या केव्हाच संपल्या होत्या आणि आता त्यात शून्यापासून नऊपर्यंत आकडे लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या होत्या. वर्गात प्रश्न विचारला की सर डबा खुळखुळवत, दोनदा चिठ्ठी काढत, आणि जो रोल नंबर येईल तो मुलगा उभा राहायचा. मागच्या बाकावर लपण्याची सोय त्यांच्या तासाला नव्हती. पुढच्या बाकावर बसून मिरवण्याचीही नव्हती.

मी त्यांच्याबद्दल लिहावं की नाही, हे मला अजून नक्की कळत नाही. माझ्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मोठ्या माणसांबद्दल कसं लिहितात ते मला माहीत नाही. पण सर मला जसे दिसले तसे कुठं तरी उतरवून ठेवावेत असं वाटत राहतं, म्हणून लिहितो आहे.

सर आम्हाला संख्याशास्त्र शिकवत. उंच, किडकिडीत, चालताना डावा खांदा किंचित पुढं. शहरातल्या महाल भागाच्या पलीकडं विणकरांच्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि पुढच्या खोलीत माग. वडील नव्हते. म्हातारी आई माग चालवायची आणि सणासुदीच्या आधी लुगड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन खेड्यापाड्यांत विकायला जायची. सरही विणू शकत. बोर्डावर खडूनं सरळ रेघ ओढताना त्यांचा हात असा सर्रकन जायचा की मागावरचा धोटा फेकल्यासारखं वाटे.

मुलांना ते गावाच्या नावानं हाक मारत. माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, पण हाक कायम 'पारशिवनी' अशीच. वर्गात पुस्तकी मराठी बोलत आणि रंगात आले की नागपुरीवर उतरत.

त्यांचा आवडता प्रश्न एकच होता. कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर कोणी ठासून काही म्हणालं, की यंदा अमुक सिनेमा चालणार, तमुक माणूस पडणार, की सर बशीतला चहा फुंकत शांतपणे म्हणत, "कोणाले विचारलं?"

"सगळेच म्हणून राहिले ना सर."

"सगळे म्हणजे किती? नावं सांग."

समोरचा चार नावं सांगे. चारही त्याचेच दोस्त निघत. सर नुसते हसत आणि चहाचे पैसे देऊन निघून जात.

एकदा त्यांनी वर्गात घरून एक लुगडं आणलं. टेबलावर ठेवून म्हणाले, "हे चांगलं विणलं आहे की नाही, सांगा." पहिल्या बाकावरच्या मुलानं पदर हातात घेतला, न्याहाळला आणि चांगलं आहे म्हणाला. सरांनी घडी उलगडली. मधलं कापड जाळीसारखं विरळ होतं.

"लबाड विणकर पदर घट्ट विणतो," ते म्हणाले. "कारण त्याले माहीत असते, गिऱ्हाईक पदरच पाहते. अख्खं लुगडं सूतसूत तपासायची गरज नाही. चार ठिकाणी चिमटीत धरून पाहा, पुरते. पण ती चार ठिकाणं तुम्ही निवडायची नाहीत, मीही नाही. मनाले निवडू दिलं की ते पदरच निवडते." आणि त्यांनी खिशातून डबा काढला.

संख्याशास्त्राचं पुस्तक मला तोवर कळत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना विधानसभेची निवडणूक आली. आमच्या भागातून उभे होते दादासाहेब, म्हणजे आमच्याच कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या विरोधात तालुक्याच्या कोर्टात वकिली करणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे नुसतं 'वकील' म्हणत. लढत इतकी अटीतटीची की एकाच पानठेल्यावर सकाळी एक निवडून यायचा आणि दुपारी दुसरा.

प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, तुमच्या शास्त्रानं अंदाज काढा, कॉलेजचं नाव होईल. सरांना आनंद झाला. मला मात्र टपरीवर कोणी तरी सांगितलं की सरांची नेमणूक तात्पुरती आहे, हे तिसरं वर्ष आहे आणि कायम करायचं की नाही ते या उन्हाळ्यात दादासाहेबच ठरवणार आहेत. ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. सरांनाही असणारच. त्यांच्या वागण्यात ती कुठं दिसत नव्हती.

त्या भागातली पाच मुलं त्यांनी निवडली. मी त्यातला एक. मतदारयाद्या मिळवल्या, डब्यातून चिठ्ठी काढली, जो आकडा आला तिथून सुरुवात करून ठरावीक अंतरानं नावांवर खुणा केल्या. प्रत्येक नावाचा एक फॉर्म. मग त्यांनी आम्हाला नियम सांगितला. एकच.

"ज्याचं नाव, त्याचं उत्तर. जिचं नाव, तिचं उत्तर. बाईचं नाव निघालं तर बाईलेच विचाराचं. नवऱ्याले नाही, सासऱ्याले नाही. समजलं?"

आम्ही पाचही जण हो म्हणालो.

माझ्या वाट्याला माझं गाव आणि शेजारची दोन गावं आली. पुरुषांचे फॉर्म दोन दिवसांत झाले. बायकांची अकरा नावं होती. पहिल्याच दारात मी उभा राहिलो, तर आतून बांगड्या वाजल्या आणि आवाज आला, "मालक वावरात गेले. त्याइले इचारा." दुसऱ्या घरी ओट्यावर बसलेला सासरा म्हणाला, "काहून गा, शयरात जाऊन हेच शिकला काय? परायाच्या सुनेसंग बोलाचं?" गावात उद्या काय बोलतील ते डोळ्यांपुढं आलं. शिवाय माझे बाबा दादासाहेबांचे मतदान केंद्रावरचे माणूस, पोलिंग एजंट. त्यांचं नाव खराब झालं असतं.

मग मी नवऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, घरातली मतं एकाच जागी जातात. मी तेच अकरा फॉर्मवर लिहिलं. अकरावं नाव माझ्या आईचं होतं. ती तेव्हा चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, माझ्यापासून चार पावलांवर. बाबा म्हणाले, "आपल्या घरचे सारे मतं दादासाहेबाले, लिव्ह." मी लिहिलं.

सगळ्यांचे फॉर्म जमले. सरांनी बेरीज केली. दादासाहेब थोडक्यात पुढं. प्राचार्य खूश झाले आणि दोन दिवसांत एका साप्ताहिकात सरांच्या नावानिशी छापूनही आलं. टपरीवर मुलं म्हणू लागली, "सर, आता पेढे! कायम झालेच तुम्ही." सर म्हणाले, "कोणाले विचारलं?" आणि सगळे हसले. मीही हसलो.

तीन-चार दिवसांनी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर माझे फॉर्म पसरलेले होते.

"पारशिवनी, अकरा बायका. अकराही नवऱ्याच्याच मताच्या. तुमच्याकडं घराघरांत एवढी एकी असन तर मले तिकडंच सोयरीक पाहावी लागते."

मी खाली पाहत राहिलो. सर कधीच घाई करत नसत. विचारलं की थांबत. त्या थांबण्यापुढं खोटं टिकत नसे.

"मी विचारलं नाही, सर," मी म्हणालो. "बायकांना विचारलंच नाही. दारात गेलो आणि…"

"हं."

मग मी बोललो ते अजून आठवलं की कान तापतात. "त्यात माझी आई पण आहे, सर."

मला वाटलं ते ओरडतील, फॉर्म फाडतील. त्यांनी दौतीतला लाल टाक उचलला आणि एकेका फॉर्मवर आडवं लिहिलं, 'विचारलं नाही.' अकरा वेळा. शाई वाळेपर्यंत फुंकलं.

"फाडाचे नसतात," ते म्हणाले. "काय माहीत नाही, तेही लिहून ठेवावं लागते." मग स्वतःशीच बोलावं तसं, "चूक माझी. मी नियम सांगितला, दार कसं उघडते ते सांगितलं नाही. मलेही येत नाही ते. आईले येते."

बाकीच्या चौघांना त्यांनी बोलावून घेतलं. कमीजास्त प्रमाणात सगळ्यांनी तेच केलं होतं.

संक्रांतीच्या नंतरच्या सुट्टीत सर आणि त्यांची आई एस.टी.नं आमच्या गावाला आले. आईच्या, म्हणजे आम्हा मुलांच्या आजीच्या, डोक्यावर लुगड्यांचं गाठोडं, सरांच्या हातात चिवड्याची पुडी. सर पारावरच थांबले. "लुगडं दाखवाले बसलं का गडी माणूस तिथं थांबत नाही," आजी मला म्हणाली. "तू घर दाखव अन् बाजूले हो."

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या कमरेच्या पिशवीत दोन धागे होते, एक लाल आणि एक निळा. लाल दादासाहेबांचा, निळा वकिलांचा. उत्तर मिळालं की त्या धाग्याला गाठ. कोणत्या क्रमानं घरं घेतली ते ती डोक्यात ठेवायची आणि पारावर येऊन सरांना जसंच्या तसं सांगायची. एवढी गाठोड्याची ओझी वाहिलेली बाई, पण बोटं मात्र धाग्यावर अशी हलकी चालायची की गाठ कधी पडली ते दिसत नसे.

एका घरी मी कुडाच्या भिंतीमागं थांबलो होतो. थांबायला नको होतं, पण थांबलो. आत कौतिकाकाकू होती. लुगडी पाहून झाली. मग आजी म्हणाली, "अन् वं बाई, मत कोणाले देशीन?"

"मालकाले इचारा ना."

"मालकाचं नाव मालकाच्या चिठ्ठीवर हाय. ही चिठ्ठी तुही हाय."

आत काहीच आवाज नाही. आजीही गप्प. मला तेव्हा उमजलं, सरांचं ते थांबणं कुठून आलं होतं.

"तुह्या पोराच्या पुस्तकात जाते का हे?" शेवटी काकूनं विचारलं. "कोणाले सांगनार तं नाही?"

"धाग्याले सांगीन. धागा बोलते का?"

आणि काकू बोलायला लागली. दादासाहेबांनी गावाला सरकारी विहीर आणून दिली, हे आमच्या गावातला प्रत्येक पुरुष छातीवर हात ठेवून सांगायचा. मीही अभिमानानं सांगायचो. पण ती विहीर खोदली गेली पाटलांच्या आवाराला लागून. पाणी भरायला जायचं तर पाटलिणीच्या समोरून. "रोज घागर भराची अन् रोज दोन गोष्टी आयकाच्या," काकू म्हणाली. "कोणाची सून उशिरा उठली, कोणाचं लुगडं फाटलं. गड्याइले काय, त्याइले आयतं पाणी भेटते." तीन वर्षं मी त्या विहिरीचं पाणी प्यालो होतो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आमच्या घरी आजी सगळ्यात शेवटी आली. आईनं तिला गूळपाणी दिलं, दोघी आत गेल्या, दार लोटलं. पुष्कळ वेळानं आजी बाहेर आली तेव्हा माझी नजर न राहवून तिच्या हाताकडं गेली. तिनं मूठ मिटली.

"तुह्यासाठी नाही ते, बापू," ती म्हणाली.

पारावर मी सरांनाही विचारलं. सर म्हणाले, "मला कळलं ते बेरजेत जाईल. तुला पाहिजे असेल तर तुझी आई इथं पन्नास पावलांवर आहे."

मी गेलो नाही. कसं विचारायचं तेच मला समजेना.

असं करत सर आणि आजी सगळ्या गावांत फिरले. आजीचे पाय सुजले. सरांच्या चपलेचा अंगठा तुटला, तो त्यांनी मागाच्या सुतानं बांधला. नवीन बेरीज झाली. वकील पुढं. तेही अगदी केसाच्या अंतरानं.

सर प्राचार्यांकडं गेले तेव्हा याद्यांचा गठ्ठा घेऊन मी दाराबाहेर उभा होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"बारापात्रे, पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही वेगळं सांगितलं."

"होय सर. तेव्हा अर्ध्या मतदारांना मी विचारलंच नव्हतं."

"म्हणजे मुलांनी घोळ केला."

"मुलांना शिकवलं मी. चूक माझी आहे."

प्राचार्य वाईट नव्हते. ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे पाहा, तुम्हाला कोणी नवीन काही छापा म्हणत नाही. फक्त गप्प राहा. मे महिन्यात तुमचा कागद दादासाहेबांपुढं जाणार आहे. एवढंच सांगतो."

मी गठ्ठा छातीशी घट्ट धरला. सरांनी हो म्हणावं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. माझ्या अकरा फॉर्मांपायी त्यांची नोकरी जावी हे मला सहन होणारं नव्हतं.

"पहिला आकडा माझ्या नावानं छापला आहे," सर म्हणाले. "तो खोटा आहे हे मला कळलं नसतं तर गोष्ट वेगळी. आता कळलं."

"आणि नवीन आकडा तरी खरा निघेल कशावरून?"

"निघेलच असं नाही. फरक इतका कमी आहे की उलटंही होईल. पण यावेळी सगळ्यांना विचारलं आहे."

तिथून ते सायकलवर थेट साप्ताहिकाच्या कचेरीत गेले आणि दुरुस्तीचं पत्र देऊन आले. पत्र आतल्या पानावर बारीक अक्षरात आलं. तरी सगळ्यांनी वाचलं. टपरीवर त्यांच्या बाजूचा बाक रिकामा राहू लागला. सर चहा तसाच बशीत ओतून, तसाच फुंकून पीत. काही मास्तर त्यांना पाहून वाट बदलत. आमच्या गावी बाबांनी मला विचारलं, "तुहा मास्तर फितला काय गा?" मी म्हणालो, "नाही." त्यापुढं बोलायची हिंमत झाली नाही.

मतमोजणीच्या दिवशी तालुक्याला आम्ही पाचही जण गेलो. मतपत्रिकांचे गठ्ठे उलगडत होते, बाहेर कोणी फळ्यावर आकडे लिहीत होता. दुपारपर्यंत दादासाहेब पुढं होते. सर एका कडुनिंबाखाली वर्तमानपत्र अंथरून चिवडा खात होते. फळ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. आमच्याकडच्या गावांच्या पेट्या शेवटी उघडल्या. संध्याकाळी वकील निवडून आले, हजाराच्या आतल्या फरकानं.

वकिलांची माणसं गुलाल उधळत सरांकडं धावली. एकानं हार आणला. "सर, तुमी आपले निंगाले! शेर हो तुमी, शेर!"

सरांनी हार हातानं अडवला. "मी तुमचा नाही," ते म्हणाले. "पुढच्या वेळी तुम्ही पडताना दिसले, तर तेही असंच सांगीन."

तो माणूस हार घेऊन तसाच उभा राहिला. सरांनी खांद्यावरचा गुलाल झटकला आणि मला म्हणाले, "पारशिवनी, केंद्रानुसार आकडे उतरवून आण. कुठं चुकलो ते पाहू."

तेव्हा मला वाटलं, जिंकण्याच्या दिवशी आपण कुठं चुकलो ते शोधणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. अजूनही पाहिलेला नाही.

दादासाहेब निवडणूक हरले, तरी संस्थेचे अध्यक्ष होतेच. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा सरांच्या जागी दुसरे कोणी होते. विचारलं तर ऑफिसमधून सांगितलं, मुदत संपली.

त्यांच्या घरी जायला मला वर्षाहून जास्त लागलं. कितीदा महालातून त्या बाजूला वळलो आणि परत फिरलो. काय तोंडानं जायचं? अखेर गेल्या दिवाळीत गावी गेलो असताना, बाबा बाहेर गेलेले पाहून मी चुलीपाशी आईजवळ बसलो आणि विचारलं. तिच्या उत्तरानंतर मला सरांकडं गेल्याशिवाय राहवेना.

सर मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. सकाळी शिकवण्या घेत, दुपारी विणत. आजी बाजूला सुताच्या कांड्या भरत होती. समोर एक व्यापारी चटईवर बसून लुगडं पाहत होता. त्यानं नेहमीच्या सवयीनं पदर हातात घेतला.

"तिथं नाही, शेठ," सर म्हणाले. "मधात पाहा. थांबा, मीच दाखवतो." त्यांनी घडी उलगडली आणि एका जागी बोट ठेवलं. "इथं एक तार तुटली होती. सांधली आहे, पण दिसते. पाहून घ्या."

व्यापाऱ्यानं चष्मा वर केला. "मले तं दिसली पण नसती, मास्तर."

"म्हणून तर दाखवून राहिलो."

आजी न पाहताच म्हणाली, "याच्या बापाची हीच खोड व्हती."

व्यापारी गेल्यावर सरांची नजर माझ्याकडं वळली. डावा खांदा तसाच किंचित पुढं. वाटेत मी माफीची कितीतरी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"सर, आईला विचारलं," मी म्हणालो.

त्यांचे हात थांबले. "मग?"

"म्हणाली, 'इतक्या दिवसानं इचारतं गा? त्या बाईले सांगतलं व्हतं. तुले नाही सांगत.'"

सर इतक्या मोठ्यानं हसले की बाहेरची कोंबडी फडफडली. आजीही पदर तोंडाला लावून हसू लागली. मग सर खड्ड्यातून वर आले, कोनाड्यातलं एक बाड काढलं, सोडलं आणि त्यातून एक पिवळसर फॉर्म शोधून काढला. त्यावर माझ्या अक्षरात माझ्या आईचं नाव होतं आणि आडवं लाल शाईत, 'विचारलं नाही.'

सरांनी त्यावर एक सरळ रेघ मारली. खाली लिहिलं, 'विचारलं. सांगितलं नाही.' शाई वाळेपर्यंत फुंकलं, फॉर्म बाडात जागच्या जागी ठेवला, आणि पाय पुन्हा खड्ड्यात सोडून धोटा हातात घेतला.